‘आई गं’ म्हणायचं नाही

आई, परवा सकाळी मी तुला हाक मारली. पलंगावर आडवी होते, ऑपरेशन झालेला डावा गुडघा फिजिओथेरपीच्या मुलीच्या हातात होता, ती तो वाकवत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई गं!" इतक्या मोठ्यांदा, की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी फोन करून विचारलं, पडलात की काय. सत्तरी ओलांडलेली बाई मी, आणि तू जाऊन चाळीस वर्षं होत आली. तुझी बंदी मी मोडली, म्हणून हे लिहिते आहे. तुला राग येणार असेल तर खुशाल येऊ दे. मी पण रागातच लिहायला बसले आहे, फक्त आता रागवायलाही दम लागतो.

ही बंदी तुला आठवत नसेल, तू काही ती ठरवून घातली नव्हतीस. मी सात-आठ वर्षांची असेन. चुलीवरून तवा उतरवताना त्याची कड मनगटाला लागली आणि मी "आई गं" म्हणून ओरडले. तू काटवटीतून मान वर न करता म्हणालीस, "हितंच हाय की मी. वरडाय काय झालं?" भाजलं, मी म्हणाले. तू उठलीस, माझा हात रांजणात बुडवलास, आणि परत येऊन पीठ मळता मळता म्हणालीस, "दुखलं की आईला हाक मारायची न्हाई. हाक मारली म्हनून दुखणं ऱ्हातंय व्हय? मला न्हवती आई हाक मारायला. मेले का मी?" तुझी आई तू पाळण्यात असताना गेली, हे मला माहीत होतं, पण त्या दोन वाक्यांतलं नातं त्या वयात कळायचं नाही. मला एवढंच कळलं, की जगातल्या सगळ्या मराठी माणसांना ठेच लागली, विंचू चावला, दाढ ठणकली की जो शब्द फुकट मिळतो, तो आपल्या घरात मिळणार नाही. चुलत भावंडं दिवसभर "आय आय गं" करत हिंडायची. मी खालचा ओठ दातात धरायचे. तिथला बारीक वण अजून आहे.

पुढे आप्पांनी मला पाचगणीच्या बोर्डिंगात घातलं. पलटणीतल्या साहेबांच्या मुली फाडफाड इंग्रजी बोलतात हे त्यांनी पाहिलं होतं, आणि सुभेदाराची मुलगी का बोलणार नाही, असं त्यांच्या डोक्यात बसलं. मला वाटलं, निदान तिथल्या सिस्टर तरी प्रेमळ असतील. प्रेमळ होत्या, पण त्यांचीही एक बंदी होती. कुणी रडलं, कुणाचं पोट दुखलं की म्हणायच्या, "ऑफर इट अप, चाइल्ड." म्हणजे तुझं दुखणं देवाला वाहून टाक. फुलं वाहावीत तसं. आता तूच सांग, एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला येशू, आणि मधे माझ्या टाचा. पाचगणीच्या थंडीत त्या टाचांना अशा भेगा पडायच्या, की पांढऱ्या मोज्यांना रक्त लागायचं आणि मोजे मळवले म्हणून शिक्षा व्हायची. मी ना तुला हाक मारली, ना देवाला काही वाहिलं. मुकाट्याने मोजे धुतले.

त्याच थंडीत एका रविवारी तू भेटायला आलीस. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात गाठोडं. भेटीच्या खोलीत गुळगुळीत लाकडी खुर्च्या होत्या, तू खुर्चीवर बसली नाहीस, जमिनीवर बसलीस आणि मला म्हणालीस, "मोजं काढ." तुला कुणी सांगितलं होतं, माझ्या टाचांचं? मी नव्हतं. गाठोड्यातून पळसाच्या पानात बांधलेला आमसुलाच्या तेलाचा गोळा निघाला; कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या कोकणातल्या बाईकडून तू तो घेतला होतास. तळहातावर चोळून पातळ केलास आणि माझ्या भेगांत भरायला लागलीस. असं झोंबलं, आई. डोळ्यांत पाणी आलं, तोंड उघडलं, आणि तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. तोंड मिटलं. दारात उभ्या असलेल्या सिस्टर कौतुकाने म्हणाल्या, "ब्रेव्ह गर्ल." मी ते तुला मराठीत सांगितलं. तू म्हणालीस, "मंग? कुनाची हाय." आयुष्यात तू माझं केलेलं कौतुक म्हणजे एवढंच, तेही अर्धं स्वतःचं. ते मी पुढे कितीतरी वर्षं पुरवून पुरवून खाल्लं.

मग भूकंप झाला. पाचगणीत आम्हाला पहाटे अंथरुणातून उठवून मैदानात नेलं आणि प्रार्थना म्हणायला लावल्या. आपल्या खोऱ्यात काय झालं ते कळायला काही दिवस गेले. नाताळच्या सुट्टीत मी आले तेव्हा आपलं घर नव्हतंच. रानात तंबू होते, आणि तू तीन दगडांच्या चुलीपुढे बसून एका हाताने भाकरी थापत होतीस. दुसरा हात कोपरात वाकवून पोटाशी धरला होतास. विचारलं, हात असा का? "आसाच हाय आता." तुळई पडली होती कोपरावर. हाड मोडलंय हे तू सांगितलं नाहीस, कारण आजूबाजूला माणसं गेली होती आणि तुझा नुसता हात गेला होता. हाडवैद्य आला तेव्हा तो म्हणाला, आता बसलं ते बसलं. त्या दिवसांत तू किती जणांना जेवू घातलंस ते अजून गावात सांगतात. तो हात पुन्हा सरळ झाला नाही हे कुणी सांगत नाही. तो डोक्यापर्यंत पोचायचा नाही. तुला स्वतःचा अंबाडा घालता यायचा नाही. सुट्टीत मी घालायचे, एरवी शेजारच्या पोरीची वाट बघत तू दारात केस मोकळे सोडून बसायचीस. मोकळ्या केसांनी बाईनं दारात बसू नये म्हणून तुझी सासू तुला बोलायची. तू तेही ऐकून घेतलंस.

आता मी ज्यासाठी चिडले आहे ते सांगते. तू गेलीस तेव्हा मी सांगलीत टेलिफोन खात्यात होते. ट्रंक कॉल जोडायचे. दिवसभर कानाला लोकांची दुःखं लागलेली असायची, कुणाचा बाप गेलेला, कुणाचा मुलगा पळालेला, आणि आपण मधेच म्हणायचं, थ्री मिनिट्स ओव्हर. त्या नोकरीत टिकायला लागतो तो घट्टपणा मला तुझ्याकडून आला होता, हे मी नाकारत नाही. आजूबाजूच्या मुली संडासात जाऊन रडून यायच्या, मला कधी जावं लागलं नाही. तर एके दिवशी आपल्याकडचाच कॉल आला, तालुक्याच्या पोस्टातून, चुलत भावाचा. आवाज मी ओळखला. तो म्हणाला, "काकी गेली. दुपारी रानातनं भांगलून आली, छातीत कसंतरी हुतंय म्हनाली न्हाई का काय न्हाई, जरा पडते म्हनली आन् पडली." मी गावी पोचले तर अंगणात बायका एकमेकींना सांगत होत्या, "लय सोशीक बाई. कवा हूं का चूं न्हाई. जातानी बी कुनाला तरास दिला न्हाई." हेच वाक्य तेराव्यापर्यंत येईल त्या प्रत्येकाने म्हटलं. मी मान डोलवत राहिले.

कुणाला त्रास दिला नाहीस! अगं, मला द्यायचा होतास. मला त्रास हवा होता. तुला मिरजेला आणून दवाखान्याच्या बाकावर रात्रंदिवस बसण्याचा, औषधांसाठी धावण्याचा, तुझ्यावर ओरडण्याचा त्रास. तो माझा हक्क होता आणि तू तो सोशीकपणाच्या नावाखाली हिरावून घेतलास. आणि तो शब्दही बघ. सोशीक. बाई सोशीक असते आणि बैल सोशीक असतो. पुरुष खंबीर असतो. चाळीस वर्षं मी हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला की उठून दुसऱ्या खोलीत जाते.

आता उठून जाता येत नाही, हीच अडचण आहे. गुडघा बदलला. नवीन धातूचा सांधा बसवला, तुला सांगितलं तर म्हणशील, बैलगाडीचा कणा बदलतात तसं. ऑपरेशन चांगलं झालं, पण गुडघा वाकेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या तपासणीपर्यंत पुरेसा वाकला नाही तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल, आणि तरीही खात्री नाही. माझं घर वरच्या मजल्यावर आहे. जिना चढता आला नाही तर लेक मला पुण्याला घेऊन जाणार. ती चांगली आहे, महिनाभर रजा काढून इथे माझं सगळं करते आहे, पण तिच्या फ्लॅटमध्ये मी म्हणजे बाल्कनीत ठेवलेली कुंडी. वेळेवर पाणी मिळेल, आणि कुणी आलं की म्हणतील, ही आमची आई. मला माझ्या घरात, माझ्या किल्लीने दार उघडून मरायचं आहे. म्हणजे सगळं त्या एका गुडघ्यावर येऊन थांबलं होतं.

फिजिओथेरपीची मुलगी शिराळ्याची आहे. आल्याआल्या "आजी" म्हणाली. मी म्हटलं, तुझी आजी मी नाही, मॅडम म्हण. ती म्हणाली, "बरं मॅडम. पाय द्या." रोज सकाळी यायची, गुडघा वाकवायची, विचारायची, दुखतंय का? मी म्हणायचे, थोडं. दहापैकी किती? मी म्हणायचे, दोन. गोळी घेतली का आधी? घेतली. आई, गोळ्या मी घेत नव्हते. उशीच्या अभ्र्यात ठेवत होते. सोसवत होतं, मग कशाला घ्यायच्या? आणि ती वाकवत असताना मी दात असे घट्ट आवळायचे, की संध्याकाळी भाकरी चावताना जबडा दुखायचा. गुडघा जिथल्या तिथे. मला मनातून वाटत होतं, मुलीच्या हातात जोर नाही.

परवाच्या आदल्या दिवशी गावाकडून वहिनी आल्या, त्याच चुलत भावाची बायको. हातात उसाच्या कांड्यांची पिशवी आणि मोबाइल. पलंगाशेजारी बसल्या, गुडघ्यावरची शिवण बघितली आणि म्हणाल्या, "वन्सं, तुमी आगदी काकीवर गेलायसा बगा. लय सोशीक. आमची सून, सुई टोचली तर घर डोक्यावर घेती."

"चांगलं करते," मी म्हटलं. "घर निदान कळतं तरी, सुई टोचली म्हणून."

"आवं पन सोसल्याबिगार मानूस घडतंय व्हय? आज सकाळीच बगा, नातवानं काय छान धाडलंय," म्हणत त्यांनी मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. उगवता सूर्य, खाली गुलाब, आणि मधे लिहिलं होतं की वेदना हीच माणसाची खरी गुरू. मी विचारलं, "ह्या नातवाला कुठे काय दुखतंय सध्या?" वहिनी म्हणाल्या, "त्येला काय दुखतंय, घोडा हाय घोडा." मी म्हटलं, "मग त्याला सांगा, आधी गुरू कर, मग शिष्यांना पाठव." त्या हसल्या, लेक आतून डोळे वटारत होती. वहिनी वाईट नाहीत. जाताना माझ्या कपाळावरून हात फिरवून गेल्या. पण रात्री त्यांचं ते "काकीवर गेलायसा" काही केल्या खाली उतरेना.

परवा सकाळी मुलगी आली, गुडघा वाकवायला लागली आणि मधेच थांबली. माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, दात सोडा."

"म्हणजे?"

"तुमी दात आवळताय त्येबरोबर मांडी बी आवळताय. मी वाकवतीय आन् तुमी धरून ठेवताय. माझं तुमचं कुस्तीचं मैदान झालंय हितं. गोळी खरंच घेताय?"

माझी नजर उशीकडे गेली. तिने लेकीला हाक मारली. लेकीने उशी उचलली, अभ्रा झटकला, आणि पांढऱ्या गोळ्या फरशीवर टपटप पडल्या. लेक त्या गोळ्यांकडे बघत राहिली. तिचा चेहरा, आई, तेराव्याला माझा असेल तसा होता.

मुलगी मात्र हसली. "आता गोळी घ्या, आर्धा तास थांबू. मंग वाकवू. दुखणार हाय, त्येला माझा इलाज न्हाई, दुखल्याबिगार ह्यो गुडगा सुटत न्हाई. पन तोंड उघडं ठेवायचं. काय वाट्टंल ते म्हना. शिव्या द्या. इंग्रजीत द्या, मला कळनार न्हाईत."

म्हणून मी तोंड उघडं ठेवलं. तिने पाय वाकवला, नेहमीच्या जागी आला, तिथून पुढे गेला, आणि तुला हाक गेली. मला इंग्रजीतलं काही सुचलं नाही. एवढी वर्षं सिस्टरांनी शिकवलं, पण तिथे खाली एकच शब्द निघाला. श्वास सुटला, मांडी सुटली, आणि गुडघा वाकला. भसकन, जणू आतून कुणीतरी हात काढून घेतला. मुलगी ओरडली, "ह्यो बगा! आला का न्हाई!" आणि लेक दारात तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावून उभी. हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही. मग खालच्या बाईंचा फोन आला.

तेव्हापासून मी पडल्या पडल्या तुझ्याशी भांडते आहे. वहिनींचं म्हणणं सगळंच खोटं आहे असं म्हणायची माझी छाती होत नाही, कारण गुडघा दुखूनच वाकला, गोळी घेऊनही दुखूनच. दुखणं टाळलं असतं तर तो तसाच राहिला असता. रोज सकाळी थोडं पुढे, थोडं आणखी पुढे, याने अंगात बळ येतं, ते मी आता मांडीला हात लावून सांगू शकते. पण ते दुखणं कुणाच्या तरी समोर होतं. एक माणूस विचारत होतं, किती दुखतंय, आणि उत्तराप्रमाणे हात हलका करत होतं. तुला कुणी विचारलं नाही. तुळई पडली तेव्हा नाही, नंतर नाही. विचारलंच नाही तर सांगणार कुणाला, म्हणून तू न सांगण्यालाच बळ म्हणालीस, आणि तेच मला दिलंस, कारण द्यायला दुसरं होतं काय तुझ्याकडे? मी त्या मुलीला तुझ्या हाताचं सांगितलं. ती म्हणाली, त्या दिवसांत रोज थोडा हलवला असता, बोंबलत का होईना, तर सुटला असता. मी म्हटलं, बोंबलायची पद्धत नव्हती. ती म्हणाली, "पद्धतीनं हाडं बसत न्हाईत, मॅडम." मला तिचा राग आला. तुझ्याबद्दल बोलायचा तिला काय अधिकार? मी एकटी बोलेन तुझ्याबद्दल.

पण एक आहे. तू मला जे दिलंस त्याला मी नुसतं वाईट म्हणू शकत नाही, आणि चांगलं म्हणायला गेले की तुझे मोकळे केस आठवतात. या दोन्हींच्या मधे कुठेतरी मी म्हातारी झाले. दमले आहे, आई. तुझ्यासारखी घट्ट राहून दमले, आणि तुझ्यावर चिडून त्याहून जास्त दमले.

आज दुपारी फिजिओथेरपीच्या मुलीने मला जिन्यावर नेलं. कठडा धरून वळणापर्यंत उतरले आणि परत वर आले, प्रत्येक पायरीला तोंडाने काहीतरी बडबडत. लेक मागे उभी होती. वर आल्यावर म्हणाली, "पुण्याचं नंतर बघू, आई." ती आता झोपली आहे आणि मी हे लिहिते आहे. तुला पाठवायचा पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं. माझी बोर्डिंगातली पत्रं काका ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचायचे, म्हणून त्यात मी नेहमी मजेत असायचे.

हे कुणी वाचणार नाही, तर एक सांगून टाकते. उजवा गुडघाही दुखतो. डाव्याच्या आधीपासून, आणि डाव्याहून जास्त. एक्स-रेच्या फोटोत दिसत होतं म्हणून डॉक्टरांनी विचारलंही होतं, याचा त्रास होतो का? मी म्हणाले, अजिबात नाही. आज जिन्यावर डावा वाकला, पण वर येताना कठडा मी धरला होता तो उजव्यासाठी. लेकीला माहीत नाही, त्या मुलीलाही नाही. उद्या सकाळी ती आली की सांगेन म्हणते. तोवर तुझ्यापाशी असू दे.